जॉन पोस्टेल : नेटवर्कच्या आकड्यांची वही सांभाळणारा माणूस

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अॅप अपडेट फक्त वायफायवर करा असा एक पर्याय असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो चालू ठेवलेला असतो, कारण दिवसाचा डेटा सकाळीच संपला तर संध्याकाळी काय करायचं? पण आपण वायफायवर आहोत की मोबाइल डेटावर हे मुळात मशीनला कळतं कसं? मला हा प्रश्न पडला तो फोनमुळे नाही, ऑफिसच्या एका लॉगिन स्क्रिप्टमुळे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी जॉन पोस्टेल या माणसापर्यंत पोचलो. आजचा लेख त्यांच्यावरच आहे, पण आधी स्क्रिप्टची गोष्ट सांगतो.

लॉगिन स्क्रिप्ट म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून आत शिरलात की आपोआप चालणारी छोटी फाइल. सर्व्हरवरचे फोल्डर जोडायचे, प्रिंटर लावायचा, नवीन फाइली कॉपी करायच्या, असली कामं ती करते. माझ्या पहिल्या नोकरीत, पुण्यात, आमची स्क्रिप्ट रोज सकाळी १८० एमबीची एक फाइल प्रत्येक लॅपटॉपवर उतरवायची. ऑफिसात केबलवर काही वाटायचं नाही. पण बाहेरगावी फिरणारे सेल्सवाले डोंगल लावून व्हीपीएनमधून लॉगिन करायचे आणि त्यांचा १ जीबीचा पॅक आठवडाभरात उडायचा. साहेबांनी मला सांगितलं, कनेक्शन कुठलं आहे ते स्क्रिप्टला ओळखता आलं पाहिजे. केबल असेल तरच कॉपी कर.

मी पॉवरशेलमध्ये चार ओळी लिहिल्या. विंडोजला विचारलं की नेटवर्क कार्ड कुठल्या प्रकारचं आहे, तर ते एक आकडा देतं. ६ म्हणजे इथरनेट, ७१ म्हणजे वायफाय, २३ म्हणजे पीपीपी, म्हणजे डायल करून जोडलेलं कनेक्शन. २४ म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतो ते लूपबॅक. माझी अट सोपी होती : ६ आला तर कॉपी, नाहीतर नको.

आता ६ च का? ७१ च का? मला वाटलं विंडोजवाल्यांनी मनाला येईल तसे दिले असतील. तसं नाहीये. ही यादी सगळ्या जगासाठी एकच आहे. तुमच्या घरचा राउटर, बँकेतला स्विच, लॅपटॉप, सगळे तीच वापरतात. ती आयाना नावाच्या दप्तरात ठेवलेली असते, आणि कितीतरी वर्षं हे दप्तर म्हणजे व्यवहारात एक माणूस आणि त्यांचे मोजके सहकारी एवढंच होतं.

जोनाथन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नाईस हायस्कूल. याच शाळेतून व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही बाहेर पडले. इंटरनेटच्या पायाभरणीतली तीन नावं एकाच शाळेची, गंमतच आहे! पोस्टेल यांनी यूसीएलए विद्यापीठातून १९६६ मध्ये पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स केलं आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी मिळवली.

पीएचडीच्या आधीच ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये अर्पानेटवरचा पहिला संदेश इथूनच स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे गेला. प्रयोगशाळेचं काम होतं नेटवर्क मोजण्याचं : किती पॅकेट गेली, किती वेळ लागला, कुठे अडकली. त्या वर्षी एप्रिलमध्ये क्रॉकर यांनी पहिली आरएफसी लिहिली होती. आरएफसी म्हणजे नेटवर्क कसं चालावं याबद्दलचं टिपण, सगळ्यांना वाचायला दिलेलं, मतं मागवणारं. या टिपणांना नंबर देणं, त्यातल्या चुका काढणं, ती नीट ठेवणं हे काम पोस्टेल यांच्याकडे आलं आणि ते शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. जवळजवळ तीस वर्षं, दोन हजारांहून जास्त टिपणं.

दुसरं काम त्याहून कंटाळवाणं होतं. नेटवर्कवर कुणी नवीन काही बनवलं की त्याला एक नंबर लागायचा. दोघांनी एकच नंबर वापरला तर गोंधळ. म्हणून कोणाला कुठला नंबर दिला हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात सुचवलं की यासाठी एक माणूस नेमावा, आणि तो आपणच असू शकतो. सुरुवातीला या नोंदी त्यांच्या वहीत असत. कुणी नंबर मागितला की ते वही बघायचे, पुढचा मोकळा आकडा द्यायचे, नोंद करायचे. पैसे नाहीत, फॉर्मची तीन पानं नाहीत. आपल्याकडे गावात एखादे गुरुजी सगळ्यांच्या जन्मतारखा लिहून ठेवतात ना, तसंच काहीसं.

१९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले, मरीना डेल रे इथे, आणि पुढची सगळी वर्षं तिथेच राहिले. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात. सगळा वेळ वह्याच लिहिल्या असंही नाही. १९८० मधलं यूडीपीचं टिपण त्यांचं. १९८१ मधली आयपी, टीसीपी आणि आयसीएमपीची टिपणं त्यांनी संपादित केलेली. १९८२ मध्ये ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी हा नियम त्यांनीच लिहिला. आयसीएमपीमध्ये एको नावाचा संदेश आहे : मी हाक मारतो, तू उत्तर दे. त्याच्यावर माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये पिंग हा प्रोग्रॅम बांधला. पिंग तुम्ही कधी ना कधी चालवलाच असेल. विंडोजसुद्धा पूर्वी लॉगिनच्या वेळी सर्व्हरला पिंग करून लिंकचा वेग बघायचं, आणि तो ५०० केबीपीएसच्या खाली आला तर मोठी कामं सोडून द्यायचं. म्हणजे मी जे करायला बसलो होतो ते आधीच कुणीतरी केलं होतं. असो.

पोस्टेल मवाळ होते असं वाटत असेल तर हे ऐका. जुन्या नियमांवरून टीसीपीवर जायची तारीख १ जानेवारी १९८३ ठरली होती. लोक चालढकल करत होते. तेव्हा सर्फ आणि पोस्टेल यांनी १९८२ च्या मध्यावर जुन्या नियमांचे मार्ग एक अख्खा दिवस बंद करून टाकले. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं काम ठप्प! त्यानंतर तयारीला वेग आला.

त्यांचा एक नियम इंजिनिअर मंडळी अजून सांगतात. आपण पाठवताना काटेकोर राहायचं, दुसऱ्याकडून घेताना मात्र थोडं सांभाळून घ्यायचं. हल्ली बरेच जण या नियमावर शंका घेतात, कारण सांभाळून घेत गेलं की चुकीचं पाठवणारा सुधारतच नाही. माझं मत आता दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि त्याला कारण माझी स्क्रिप्ट आहे.

स्क्रिप्ट चालू केल्यानंतर तिसऱ्याच दिवशी सोलापूर भागात फिरणाऱ्या एका काकांचा फोन आला. त्यांचा पॅक पुन्हा उडाला होता, आणि महिनाअखेरीच्या ऑर्डरी भरायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं शक्यच नाही, डोंगल म्हणजे २३ यायला हवा. त्यांचा लॅपटॉप मागवून बघितलं तर आकडा ६! कारण त्यांचं डोंगल नव्या पद्धतीचं होतं. आत छोटा राउटरच असतो, तो मोबाइलवरून नेट घेतो आणि विंडोजला मात्र सांगतो की मी साधं इथरनेट कार्ड आहे. व्हीपीएनची काही सॉफ्टवेअरही अशीच ६ सांगतात. यादी चूक नव्हती. यंत्राने यादीतला सोयीचा आकडा सांगितला होता आणि मी तो खरा धरला. काकांच्या त्या महिन्याच्या ऑर्डरी उशिरा गेल्या, आणि त्याचं बोलणं मी नाही, त्यांनी खाल्लं.

पोस्टेल यांची यादीही अशी विश्वासावरच चालत होती, आणि तिची कसोटी लागली जानेवारी १९९८ मध्ये.

डॉट कॉमसारख्या नावांची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये त्याच इन्स्टिट्यूटमध्ये तयार केली होती. देशांची नावं द्यायची वेळ आली तेव्हा कुठला प्रदेश देश आणि कुठला नाही या भांडणात पोस्टेल पडले नाहीत. त्यांनी आयएसओची दोन अक्षरांची तयार यादी उचलली. आपलं डॉट इन १९८९ मध्ये आलं, आणि सुरुवातीला ते मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होतं. तोवर कुणाला या नावांत पैसा दिसत नव्हता. १९९५ मध्ये डॉट कॉम नावं देणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनाच प्रश्न पडला, ही यादी नक्की कुणाच्या मालकीची? कंपनीची, अमेरिकन सरकारची, की नेटवर्क बांधणाऱ्या मंडळींची?

जगातल्या सगळ्या नावांची मूळ यादी तेव्हा १३ रूट सर्व्हरवर होती. त्यातला मुख्य सर्व्हर या कंपनीकडे होता आणि बाकीचे १२ त्याच्यावरून यादी उतरवून घ्यायचे. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी त्यातल्या ८ सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल पाठवला : यापुढे यादी तिकडून न घेता माझ्या इन्स्टिट्यूटच्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी घेतली! हुकूम नाही, करार नाही. पोस्टेल सांगताहेत एवढंच कारण पुरलं. इंटरनेट वापरणाऱ्या कुणाला काही कळलंही नाही, कारण दोन्ही याद्या सारख्याच होत्या. पण वॉशिंग्टनमध्ये धावपळ उडाली. व्हाइट हाउसचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे थांबवायला लावलं, आणि आठवड्याभरात सगळं पूर्ववत झालं. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचं सांगितलं.

चाचणी होती की इशारा, यावर अजून वाद चालतो. सरकारचा नव्या व्यवस्थेबद्दलचा मसुदा दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला आला, हे बघता मला तरी तो इशाराच वाटतो. आणि एका माणसाच्या ईमेलवर हे होऊ शकतं याची सरकारला भीती वाटली असेल तर ती अगदीच चुकीची नव्हती, हेही म्हणावं लागेल.

हे सगळं एका माणसावर राहू नये म्हणून आयकॅन ही संस्था काढायचं ठरलं, आणि ती उभी करण्यात पोस्टेल स्वतः होते. ३० सप्टेंबर १९९८ ला तिची नोंदणी झाली. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५. त्यांच्या शाळेच्याच व्हिंट सर्फ यांनी त्यांच्या आठवणीत एक टिपण लिहिलं. ते आरएफसी म्हणूनच निघालं, नंबर २४६८.

माझी स्क्रिप्ट मी नंतर बदलली. कार्ड कुठल्या प्रकारचं आहे हे विचारणं बंद नाही केलं, पण तेवढ्यावर थांबणंही सोडलं. आधी आयपी पत्ता ऑफिसच्या रेंजमधला आहे का ते बघायचं. मग ऑफिसच्या सर्व्हरला चार वेळा पिंग. उत्तर दोन-तीन मिलीसेकंदांत आलं तर माणूस इमारतीतच आहे. साठ-सत्तर लागले तर तो बाहेर आहे, मग कार्ड ६ सांगो की काही सांगो, कॉपी नाही. काकांना मी पुढच्या भेटीत चहा पाजला, त्यांनी डोंगलबद्दल काही काढलं नाही.

तुमच्याकडे लिनक्सचा लॅपटॉप असेल तर एक करून बघा. सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात नेट, त्यात तुमच्या कार्डाचं नाव, आणि आत टाइप नावाची फाइल. ती उघडली की इथरनेटला १ दिसेल. वायफायलाही बहुतेक वेळा १ च दिसेल, कारण वायफायचा ड्रायव्हर वरच्या सॉफ्टवेअरसमोर इथरनेटसारखाच वागतो. खरं वायफाय ओळखायचं तर त्याच फोल्डरमध्ये वायरलेस नावाचा आणखी एक फोल्डर आहे का ते बघावं लागतं. हा १ आयानाच्या दुसऱ्या एका यादीतला आहे, हार्डवेअरच्या प्रकारांची यादी. ती यादी सगळ्यांना वाचायला खुली आहे. तिच्यात बऱ्याच आकड्यांसमोर ते कुणाच्या नावे नोंदवलेत ते लिहिलेलं असतं. त्यात १, इथरनेट, आणि त्यापुढे जॉन पोस्टेल.