ज्याला शववाहिकाही मिळाली नाही

जुन्या गाडीत टर्बो बसवायची स्वप्नं बघताय? मग रुडॉल्फ डिझेलची गोष्ट तुम्हाला माहीत असायलाच हवी.

तुमच्या मोबाइलवर अशी गाडी कधी ना कधी येऊन गेली असेल. परदेशातली, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, काळी कुळकुळीत, लांबलचक शववाहिका. काचांना पडदे, मागे शवपेटी ठेवायची जागा. मालक हसत हसत बॉनेट उघडतो आणि आत दिसतं टर्बोचार्ज्ड, फ्युएल इंजेक्शनवालं नवंकोरं इंजिन. जी गाडी जन्मभर माणसाच्या चालीनं चालली, ती आता भल्याभल्यांना मागे टाकते.

आपल्याकडे शववाहिका म्हणजे नगरपालिकेचा वैकुंठरथ. त्याला हात लावायला कोण धजावेल? पण आजोबांची जीप, बंद पडलेली मेटॅडोर, शेतातला जुना ट्रॅक्टर बघून ‘यात दुसरं इंजिन बसेल का रे?’ असं विचारणारी पोरं बीडपासून परळीपर्यंत प्रत्येक गॅरेजमध्ये सापडतात. तुम्ही त्यातलेच असाल, तर आज ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याचं नाव तुम्ही रोज घेता. पंपावर गाडी लावून ‘पाचशेचं टाक’ म्हणता ना, ते त्याचंच आडनाव.

आधी बॉनेटखाली डोकावू

जुन्या पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल कार्बोरेटरमध्ये मिसळायचं. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच आत यायची. टर्बो इथंच डाव मारतो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा वाढली की इंधनही त्याच मापात वाढायला हवं, नाहीतर पिस्टन जळायची वेळ येते. हे मोजमाप जुन्या कार्बोरेटरला नीट जमत नाही. म्हणून टर्बोसोबत सहसा इंजेक्शन येतं. नोझलमधून मोजून, नेमक्या क्षणी, बारीक तुषार करून इंधन सोडायचं.

इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारायचं आणि तिथंच पेटवायचं, या कल्पनेपायी एका माणसानं आपलं सगळं आयुष्य पणाला लावलं.

पॅरिसमधला बाहेरचा पोरगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आई-वडील मूळचे जर्मन. वडील पुस्तकं बांधायचे आणि चामड्याच्या वस्तू करायचे. घरात पैसा बेताचाच. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथं पोट भरेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे धाडलं. ते गृहस्थ तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. शिकायला म्हणून गाव सोडून संभाजीनगरला किंवा पुण्याला मामा-काकांकडे राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या शाळेत त्यानं एक साधं यंत्र पाहिलं, असं सांगतात. नळीत दट्ट्या जोरात दाबला की आतली हवा इतकी तापायची की वात आपोआप पेटायची. काडी नाही, ठिणगी नाही. तुम्हीही हे अनुभवलंय. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, ते याच कारणानं.

स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथले प्रोफेसर कार्ल फॉन लिंडे म्हणजे बर्फ आणि गारव्याच्या यंत्रातलं मोठं नाव. त्यांच्या तासाला एक गोष्ट रुडॉल्फच्या डोक्यात पक्की बसली. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावतं, बाकी सगळी हवेत जाते. परीक्षेच्या ऐनवेळी त्याला टायफॉइड झाला आणि पेपर हुकले. काही महिने त्यानं कारखान्यात हात काळे केले आणि १८८० मध्ये परत परीक्षा देऊन उत्तम गुणांनी पास झाला. एक वर्ष ‘गॅप’ पडली म्हणून खचलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा.

फुटलेलं इंजिन, मग एक मिनिट

पुढची दहा-बारा वर्षं त्यानं लिंडेंच्या बर्फाच्या यंत्रांवर नोकरी केली. लग्न झालं, तीन मुलं झाली. पण डोक्यात इंजिनच फिरत होतं. १८९२ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. हिशेब असा होता: सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की लालबुंद लोखंडासारखी तापेल आणि मग इंधन फवारायचं. ते स्वतःहून पेटेल. ऑग्सबुर्गच्या मशीन कारखान्यानं जागा आणि माणसं दिली, क्रुपसारख्या बड्या कंपनीनं पैसे घातले.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधनानं पेट घेतला, दाब भडकला आणि मोजणारं यंत्रच फुटून उडालं. इंजिन चाललं नाही. पण हवा दाबून इंधन पेटतं, हे सिद्ध झालं होतं. फेब्रुवारी १८९४ मध्ये ते पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट.

खरी परीक्षा झाली १७ फेब्रुवारी १८९७ ला. प्रोफेसर श्र्योटर यांनी सगळ्यांसमोर मोजमाप केलं. ताकद वीस हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामाला लागलेली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त! हे इंजिन माणसाच्या दीडपट उंच, काही टन वजनाचं धूड होतं. म्युनिकच्या संग्रहालयात ते आजही उभं आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पेटंटच्या कागदावर होतं तसं इंजिन प्रत्यक्षात चालणं शक्य नव्हतं. डिझेलला स्वतःचाच हिशेब बदलावा लागला, इंधन जळण्याची रीत बदलावी लागली. म्हणजे या इंजिनाचं पहिलं मॉडिफिकेशन खुद्द त्यानंच केलं. पण ते चारचौघांत मोकळेपणानं मान्य करणं त्याला जमलं नाही. मग विरोधकांनी तेच धरून त्याला कोर्टकचेऱ्यांत आणि जाहीर वादांत ओढलं.

पैसा आला, झोप गेली

चाळिशीत तो लखपती झाला. अमेरिकेतल्या एका धनाढ्य उद्योजकानं तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. म्युनिकमध्ये डिझेलचा बंगला उभा राहिला. पण विकलेली सुरुवातीची इंजिनं धड चालेनात, तक्रारी येऊ लागल्या, डोकेदुखीनं त्याला पछाडलं. काही महिने त्याला आरोग्यधामात काढावे लागले. तेलाच्या विहिरी आणि जमिनींच्या व्यवहारांत पैसा बुडाला. बाहेरून थाट तसाच होता.

याच माणसानं १९०३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून स्वतःचे कारखाने उभारावेत, असं त्यात मांडलं होतं. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काहीशे. त्याला वाटायचं, छोटं इंजिन आलं की गावातला सुतार-लोहारसुद्धा मोठ्या कारखान्यापुढे टिकेल. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हे वाचताना गंमत वाटते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याचं एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं गेलं होतं.

जहाजावरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३. डिझेल बेल्जियममधून ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाला होता. दोन सोबत्यांबरोबर जेवला, गप्पा मारल्या, रात्री दहाच्या सुमारास केबिनकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं. डेकच्या कठड्यापाशी त्याची टोपी आणि ओव्हरकोट सापडला.

काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. चष्म्याचं घर, चाकू, गोळ्यांची डबी, पाकीट यांवरून मुलानं ओळख पटवली. पाण्यात पडला, उडी मारली की कुणी ढकललं, यावर शंभर वर्षं उलटून गेली तरी वाद सुरूच आहे. पण घरी उघडलेल्या कागदपत्रांनी एक गोष्ट उघड केली. तो कर्जात बुडाला होता आणि जवळच्यांनाही त्याचा खरा अंदाज नव्हता. वय फक्त ५५. ज्याच्या इंजिनावर पुढे जगभरातल्या कितीतरी शववाहिका धावल्या, त्याच्या वाट्याला शेवटचा प्रवासही गाडीतून आला नाही.

इंजिन मात्र वाढत गेलं

डिझेलचं इंजिन इंधन फवारायला दाबलेली हवा वापरायचं. त्यासाठी भलामोठा कॉम्प्रेसर लागायचा. तो ट्रकवर मावणार कसा? मग इतरांनी काम पुढे नेलं. नुसत्या पंपाच्या दाबानं इंधन फवारायची युक्ती निघाली. १९२७ मध्ये बॉश कंपनीनं असे पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतले आणि ट्रक, बस, ट्रॅक्टरचा रस्ता मोकळा झाला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं टर्बोचं पेटंट तर १९०५ मध्येच मिळवलं होतं. ते आधी जहाजांच्या इंजिनांत गेलं, गाड्यांत खूप नंतर. १९९७ मध्ये कॉमन रेल आली. वायुमंडलाच्या तेराशे पटींहून जास्त दाबानं फवारा, आणि लगाम कॉम्प्युटरच्या हाती.

आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तुमच्या आजोबांना विचारा, लाइट यायच्या आधी विहिरीवर काय धडधडायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड शहराला पहिली रेल्वे आली, ती डेमू. त्यातला ‘डी’ म्हणजे डिझेलच.

तेव्हा गाडी मॉडिफाय करणं म्हणजे काही थिल्लरपणा नाही, इंजिनाचा सगळा इतिहासच त्यावर उभा आहे. फक्त नीट करा. ताकद वाढवली की रेडिएटर, ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स सगळंच तोलामोलाचं लागतं. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. ती न घेता रस्त्यावर काढलेली गाडी अपघातानंतर इन्शुरन्सवाले सहज झिडकारू शकतात.

दुसरी गोष्ट गाडीची नाही. आपल्या जिल्ह्यात उचल, सावकार, बँक आणि पीककर्ज हे शब्द लहान पोरांनाही कळतात. कर्ज लपवून ताठ मानेनं वावरणारी माणसं आपण पाहिलीत. काही गमावलीही. कदाचित फीचं, गाडीच्या हप्त्याचं किंवा ऑनलाइन अ‍ॅपच्या कर्जाचं ओझं आज तुमच्यापैकीच कुणाच्या डोक्यावर असेल. डिझेलच्या इंजिनाला शेकडो हात लागले म्हणून ते सुधारलं. त्याच्या हिशेबाच्या वहीला मात्र त्यानं कुणाचा हात लागू दिला नाही.

दसरा-दिवाळीला ऊसतोडीचे ट्रॅक्टर घाटाखाली निघतात. चढावर इंजिन तापलं की ड्रायव्हर बाजूला घेतो, बॉनेट उघडतो. मागचा थांबतो, कुणी पाणी आणतं, कुणी पाना देतं. यात कुणाला लाज वाटत नाही. तुमचं ओझं असेल तर तेही असंच उघडा. मित्राजवळ, बहिणीजवळ, सरांजवळ. कुणीच जवळ नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, आणि मराठीत बोलता येतं.