दारी आलेली प्रयोगशाळा

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. इ. स. १९०६ च्या मे महिन्यात तेथील टस्कीगी गावच्या एका विद्यालयातून एक विलक्षण गाडी बाहेर पडली. गाडीला खेचरे जुंपलेली होती; परंतु तीत ना धान्य होते, ना विक्रीचा माल. सुधारलेला नांगर, निवडक बियाणे, खतांचे नमुने, लोणी काढण्याचे यंत्र अशा वस्तू तीत नीट मांडून ठेवल्या होत्या. ही गाडी खेडोपाडी जाई आणि एखाद्या झाडाखाली थांबे. शेतातील स्त्रीपुरुष हातातील काम टाकून भोवती जमत. मग जमीन कशी नांगरावी, खत कसे करावे, बी कसे निवडावे, हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवले जाई. ती गाडी म्हणजे एक चालती शाळाच होती.

या गाडीचा आराखडा ज्यांनी काढला, ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर बालपणी स्वतः शाळेच्या शोधात गावोगाव भटकले होते. शाळेपर्यंत पोचणे किती अवघड असते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

जॉर्जचा जन्म मिसूरी राज्यातील डायमंड या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या घरी झाला. त्याची आई मेरी ही त्या घरची गुलाम होती. गुलामाच्या मुलाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? म्हणून त्याची जन्मतिथी कोणालाच सांगता येत नाही, तो इ. स. १८६४ च्या सुमारास जन्मला, असे मानतात. त्या वेळी गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. एके रात्री लुटारूंच्या टोळीने मेरीला तिच्या तान्ह्या बाळासह पळवून नेले. मोझेसने शोधासाठी माणूस पाठवला. बाळ परत मिळाले. आई मात्र पुन्हा कधीही दिसली नाही.

पुढे युद्ध संपले आणि १८६५ साली कायद्याने गुलामगिरी नष्ट झाली. या घटनेचे पडसाद दूरवर उमटले. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

मोझेस आणि त्याची पत्नी सुझन यांनी जॉर्ज व त्याचा भाऊ जिम यांना घरातच वाढवले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील कष्टाची कामे त्याला झेपत नसत; म्हणून तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे आणि शिवणकाम शिकला. उरलेला वेळ तो रानात घालवी. रोगट रोपे आणून ती जगवण्याचा त्याला नाद होता. आजूबाजूचे लोक आपली सुकलेली झाडे त्याला दाखवू लागले आणि या पोराला झाडांचा वैद्य म्हणू लागले.

परंतु या वैद्याला शाळेचे दार बंद होते. गावातील शाळा गोऱ्या मुलांसाठी होती. कृष्णवर्णीय मुलांची शाळा काही मैलांवरील निओशो गावी होती. कोवळ्या वयातच जॉर्ज घर सोडून तेथे गेला आणि मरिया वॉटकिन्स नावाच्या एका कनवाळू बाईच्या घरी काम करून शिकू लागला. तेथील शिक्षकांचे ज्ञान संपले, तेव्हा तो पुढच्या गावी निघाला. कोठे आचारी, कोठे धोबी असे काम करीत त्याने कॅन्सास राज्यात आपले शालेय शिक्षण पुरे केले. वाटेत त्याने भयंकर गोष्टीही पाहिल्या. फोर्ट स्कॉट गावी गोऱ्यांच्या जमावाने एका कृष्णवर्णीयाला ठार मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले आणि तो ते गाव सोडून गेला. एका महाविद्यालयाने पत्राने त्याला प्रवेश दिला. पण तो समोर उभा राहताच, त्याचा वर्ण पाहून, त्याला परत पाठवले.

अखेर १८९० साली आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयाने त्याला घेतले. तेथे तो चित्रकला आणि पियानो शिकू लागला. लोकांचे कपडे धुऊन तो पोट भरी. त्याची फुलापानांची चित्रे पाहून त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांच्या ध्यानी आले की, या मुलाचे वनस्पतींचे ज्ञान असामान्य आहे. त्यांनी त्याला एम्स येथील कृषी महाविद्यालयात जाण्याचा सल्ला दिला. चित्रकला जॉर्जला प्राणाहून प्रिय होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याच्या चित्राचा गौरवही झाला. तरीही आपल्या बांधवांना चित्रांपेक्षा शेतीच्या ज्ञानाची अधिक गरज आहे, असे त्याच्या मनाने घेतले. एम्सच्या महाविद्यालयातील तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होय. १८९४ मध्ये तो पदवीधर झाला, तेथेच अध्यापन करू लागला आणि १८९६ मध्ये त्याने उच्च पदवीही मिळवली. वनस्पतींवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यासक म्हणून त्याचे नाव होऊ लागले.

याच वेळी टस्कीगीहून एक पत्र आले. मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी तेथे १८८१ साली एक विद्यालय स्थापन झाले होते. त्याचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हेही गुलामगिरीतच जन्मले होते. तेथील विद्यार्थी स्वतः विटा भाजून आपल्या इमारती बांधीत. वॉशिंग्टन यांना शेतकी विभागासाठी एक शास्त्रज्ञ हवा होता. एम्समध्ये कार्व्हरांना चांगली प्रयोगशाळा होती, काचगृह होते, मान देणारे गुरुजन होते. टस्कीगीला यांपैकी काहीच नव्हते. तरीही कार्व्हर निघाले. १८९६ च्या शरद ऋतूत ते टस्कीगीला पोचले.

तेथे त्यांनी पाहिले ते दृश्य उदास करणारे होते. मैलोगणती कापूस आणि केवळ कापूस! वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्याने जमिनीचा कस गेला होता. पावसाने माती धुऊन जाऊन ओघळी पडल्या होत्या. कायद्याने मुक्त झालेले कृष्णवर्णीय शेतकरी बहुधा जमीनदारांची जमीन वाट्याने कसत. बी-बियाणे, खाणेपिणे सारे उधारीवर घ्यावे लागे. पीक आले की सारी कमाई कर्जापोटी जाई आणि नव्या वर्षाचे कर्ज पुन्हा डोक्यावर बसे. कर्ज देणाऱ्याला कापूसच हवा असे. म्हणून दुसरे पीक घेण्याचीही सोय नव्हती. आपल्याकडील सावकारी पाश ज्यांनी ऐकला असेल, त्यांना ही स्थिती सहज समजेल. पायांतील बेडी तुटली होती; वहीतील बेडी तशीच होती.

१८९७ साली अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी येथे कृषी प्रयोग केंद्र स्थापन करण्याचा कायदा केला आणि त्यासाठी प्रतिवर्षी १,५०० डॉलर मंजूर केले. याच राज्यात ऑबर्न येथे गोऱ्यांच्या महाविद्यालयाचे प्रयोग केंद्र होते. त्याला मध्यवर्ती सरकारकडून वर्षाला १५,००० डॉलर मिळत. एकाच राज्यातील दोन केंद्रांत असा दसपट भेद होता! टस्कीगीच्या केंद्राचे प्रमुखपद कार्व्हरांकडे आले. उपकरणांसाठी पैसा नव्हता. तेव्हा ते विद्यार्थ्यांना घेऊन कचऱ्याच्या ढिगाऱ्यांकडे गेले. फुटक्या बाटल्या, जुने डबे, बरण्यांची झाकणे, तारा असे जे जे मिळाले, ते ते त्यांनी उचलले, धुतले आणि मांडले. टस्कीगीची पहिली प्रयोगशाळा अशी उभी राहिली.

या केंद्राचे ध्येय काय असावे, हे कार्व्हरांनी मनाशी पक्के केले होते. एकाच जनावराच्या बळावर नांगर धरणाऱ्या गरीब शेतकऱ्याला जो प्रयोग आपल्या शेतात करता येणार नाही, त्याचा त्यांच्या केंद्राला उपयोग नव्हता. विकतचे खत शेतकऱ्याला परवडत नसे. म्हणून त्यांनी रानातील पालापाचोळा व दलदलीतील गाळ कुजवून खत करण्यास शिकवले. कापसाने जमिनीतील सत्त्व ओढून घेतले होते. चवळी, भुईमूग यांसारख्या शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर लहान गाठी असतात. त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात आणि त्यामुळे जमिनीलाही लाभ होतो. म्हणून एक वर्ष कापूस, तर दुसरे वर्ष चवळी किंवा भुईमूग, अशी पिकांची फेरपालट करावी, हे त्यांनी केंद्राच्या शेतात करून दाखवले. शिवाय चवळी, भुईमूग आणि रताळी ही पिके शेतकऱ्याच्या मुलाबाळांच्या पोटात जाणारी होती; कापूस काही खाता येत नाही.

हे ज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी दर महिन्याला शेतकऱ्यांचे मेळावे भरवले आणि सोप्या भाषेत पुस्तिका लिहिल्या. आयुष्यात त्यांनी अशा ४४ पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्यांत शेतकऱ्यासाठी लागवडीची माहिती असे, तशीच गृहिणीसाठी पाककृतीही असे. भुईमुगाचे खाद्यपदार्थ करण्याच्या १०५ रीती सांगणारी त्यांची १९१६ ची पुस्तिका फार गाजली. पण ज्यांना वाचता येत नाही आणि शेत सोडून मेळाव्याला येता येत नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आरंभी पाहिलेली ती गाडी. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी तिला द्रव्यसाहाय्य केले. म्हणून ती जेसप गाडी या नावाने ओळखली गेली. पहिल्याच उन्हाळ्यात दरमहा सुमारे २,००० लोकांपर्यंत ती पोचली. त्याच वर्षी सरकारने टस्कीगीचे विद्यार्थी टॉमस कॅम्बेल यांना शेतकऱ्यांत फिरून मार्गदर्शन करण्यासाठी नेमले.

कार्व्हर सर्वच कामांत निपुण होते, असे मात्र नव्हे. हिशेब, अहवाल आणि संस्थेचे कोंबड्यांचे खुराडे सांभाळणे त्यांना जमत नसे. यावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडत आणि ते राजीनाम्याची भाषा बोलत. पण त्यांनी टस्कीगी कधीच सोडली नाही.

इ. स. १९१० च्या सुमारास कापसाची बोंडे पोखरणारा सोंडकिडा अलाबामात शिरला आणि त्याने शेतेच्या शेते उद्ध्वस्त केली. केवळ कापसावर विसंबणे किती घातक आहे, हे आता सर्वांना पटले. अनेकांनी भुईमूग पेरला. एंटरप्राइज नावाच्या गावात तर भुईमुगाने लोक इतके सावरले की, शहाणपण शिकवल्याबद्दल त्यांनी १९१९ साली त्या किड्याचेच स्मारक उभारले! १९२१ मध्ये परदेशी भुईमुगावरील जकातीचा प्रश्न अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या समितीपुढे आला, तेव्हा कार्व्हरांना बोलावण्यात आले. त्यांना दहा मिनिटे दिली होती. आरंभी काही सदस्यांनी थट्टेचा सूर लावला. कार्व्हरांनी शांतपणे आपल्या पेटीतून भुईमुगापासून केलेला एकेक पदार्थ काढून दाखवला. सदस्य थट्टा विसरले, त्यांनी वेळ पुन्हा वाढवून दिला आणि शेवटी टाळ्यांनी त्यांचा गौरव केला.

या प्रसंगानंतर कार्व्हरांची कीर्ती देशभर पसरली. महात्मा गांधींशीही आहाराविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला. कीर्तीबरोबर दंतकथाही वाढल्या. भुईमुगाच्या लोण्याचा शोध त्यांनी लावला, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्यांनी सुचवलेल्या शेकडो उपयोगांपैकी थोडेच बाजारात आले आणि त्यांनी आयुष्यात केवळ तीन एकस्वे घेतली. त्यांची थोरवी निराळ्या ठिकाणी आहे. जे ज्ञान त्यांनी कष्टाने मिळवले, ते त्यांनी सर्वांत मागे राहिलेल्या माणसाच्या दाराशी नेऊन ठेवले.

त्यांनी विवाह केला नाही. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील खोलीत ते राहत. अंगावर जुना कोट असे. मात्र त्याला रोज एक ताजे फूल लावलेले असे. स्वतःवर जवळजवळ काहीच खर्च न केल्याने त्यांच्याजवळ द्रव्य साठले होते. १९४० साली त्यांनी टस्कीगी येथे संशोधनासाठी कार्व्हर प्रतिष्ठान स्थापन केले आणि आपली सारी शिल्लक, सुमारे ६०,००० डॉलर, त्याला व तेथील संग्रहालयाला अर्पण केली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचा देहान्त झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. पोलिओ या रोगावर लस तयार होत असताना तिची परीक्षा करण्यासाठी मानवी पेशी मोठ्या प्रमाणावर हव्या होत्या. १९५३ मध्ये त्या वाढवण्याचे काम कार्व्हर प्रतिष्ठानाकडे आले आणि तेथील कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांनी व साहाय्यकांनी ते उत्तम रीतीने पार पाडले. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या होत्या. १९५१ मध्ये, ती रुग्णालयात असताना, तिची संमती न घेता त्या काढून घेतल्या होत्या, हेही विसरता कामा नये. टस्कीगीचे विद्यालय १९८५ साली विश्वविद्यालय झाले.

कचऱ्यातून वेचलेल्या बाटल्यांनी ज्या प्रयोगशाळेचा आरंभ झाला, तिच्या वाढीची ही कथा आहे. आईचा चेहराही ज्याला आठवत नव्हता, त्या बालकाने शिक्षणासाठी अनेक गावांची धूळ तुडवली आणि मोठेपणी तीच धूळ तुडवीत आपली शाळा इतरांच्या दारी पाठवली.