मातीचे सेवक : डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे डॉ. कार्व्हर यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले. शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवणारे शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांचे मोठे काम झाले ते गरीब शेतकऱ्याच्या बांधावर.

१८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात एका गुलाम मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. तान्हे असतानाच लुटारूंनी त्यांना आईसह पळवले. आई पुन्हा सापडली नाही. बाळाला मात्र मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा देऊन परत मिळवले आणि पत्नी सुझनसह सांभाळले. मुलगा अशक्त, पण झाडांचे वेड मोठे. शेजारीपाजारी आपली सुकलेली रोपे त्याच्याकडे घेऊन येत. पुढे कातडीच्या रंगामुळे एका कॉलेजने त्यांना दारातून परत पाठवले. तरीही धीर न सोडता आयोवा येथे शेतीशास्त्र शिकून १८९६ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले. प्रयोगशाळेत उपकरणे नव्हती. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे व तारा वेचल्या आणि काम सुरू केले.

बाहेरचे चित्र विदारक होते. वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमीन निकस झाली होती. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली; पण बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होती. बियाणे, खत, इतकेच काय, घरातले धान्यही उधारीवर येई आणि कापूस निघाला की देणे फेडण्यातच जाई. दारापर्यंत कापूस लावल्यामुळे भाजीपाल्याला जागा उरत नसे. मक्याचे पीठ, खारवलेले मांस आणि काकवी एवढाच आहार. त्यातून पेलाग्रासारखे रोग पसरले.

कार्व्हर यांनी या शेतकऱ्यांना परवडेल असाच मार्ग दाखवला. विकतच्या खतासाठी कर्ज काढण्याऐवजी रानातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ आणि शेण कुजवून खत करायला त्यांनी शिकवले. कापसाच्या जागी आलटून पालटून चवळी आणि भुईमूग घ्यायला सांगितले. या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे जमीन सुधारते आणि मुलांच्या पोटात पौष्टिक अन्नही जाते. संस्थेच्या निकस जमिनीवर त्यांनी हे आधी स्वतः करून पाहिले.

शेतकरी संस्थेत येऊ शकत नव्हता, म्हणून १९०६ पासून संस्थाच त्याच्या दारी गेली. अवजारे, बियाणे आणि लोणी काढण्याचे साहित्य घेऊन ‘जेसप वॅगन’ ही गाडी गावोगाव फिरू लागली. सोप्या भाषेतल्या पुस्तिकाही त्यांनी लिहिल्या. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाच्या लागवडीबरोबर शेंगदाण्याच्या १०५ पाककृती होत्या. शेतकऱ्याइतकीच त्यांना त्याच्या घरच्या चुलीची काळजी होती.

सर्वांनाच त्यांचा सल्ला पाळता आला नाही, हेही खरे. जमीन दुसऱ्याची, उद्या मालकाने काढून टाकले तर सुधारलेली माती कोणाची? हा प्रश्न एकट्या शास्त्रज्ञाला सुटणारा नव्हता. पीनट बटरचा शोध त्यांनी लावला असे सांगतात, तेही खरे नाही. त्यांच्या अनेक वस्तू बाजारात कधी चालल्या नाहीत. पण माती जगली तर शेतकरी जगेल, हा त्यांचा धडा आजही टिकून आहे.

कार्व्हर कॅथलिक नव्हते, पण त्यांची श्रद्धा गाढ होती. पहाटे रानात फिरताना ते प्रार्थना करीत आणि टस्कीगीत अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा बायबल वर्ग घेत. स्वतः साधेपणाने राहून त्यांनी आयुष्यभराची शिल्लक संशोधनासाठी संस्थेला दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या अंगणातला पालापाचोळा आपण जाळतो की मातीला परत देतो? बाजारात घासाघीस करताना भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाचा विचार करतो का? कार्व्हर यांची आठवण ठेवायची, तर सुरुवात इथून करता येईल.