एडविन लँड आणि थ्रीडी चष्म्याची लाट

२६ नोव्हेंबर १९५२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘ब्वाना डेव्हिल’ हा चित्रपट झळकला. आफ्रिकेत रेल्वेमार्ग बांधणाऱ्या मजुरांवर तुटून पडणाऱ्या नरभक्षक सिंहांची ही कथा. समीक्षकांनी तिला नाके मुरडली, पण तिकिटांसाठी रांगा लागल्या. पुठ्ठ्याच्या चौकटीचा करडा चष्मा लावला, की पडद्यावरचा सिंह थेट अंगावर झेप घेई! टेलिव्हिजनमुळे ओस पडू लागलेल्या अमेरिकी चित्रपटगृहांना हा चष्मा संजीवनी वाटला. त्या चष्म्यात बसवलेली पातळ पारदर्शक पट्टी होती एडविन लँड यांची.

लँड यांचा जन्म ७ मे १९०९ रोजी अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठात नाव घातल्यावर काही महिन्यांतच शिक्षण सोडून ते न्यूयॉर्कला गेले. रात्री समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांनी चालकांचे डोळे दिपतात, यावर त्यांना उपाय हवा होता. दिवसा वाचनालयात बसायचे आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता.

उपाय दडला होता प्रकाशाच्या ध्रुवणात. प्रकाशलहरी सर्व प्रतलांत कंप पावतात. उभ्या गजांमधून ओवलेली दोरी वरखाली हलवली तर लाट पलीकडे जाते, आडवी हलवली तर अडते. एकाच प्रतलातील कंपने पुढे सोडणारा पदार्थ प्रकाशाबाबत हेच काम करतो. असा एक पदार्थ विल्यम हेरापथ या इंग्लिश डॉक्टरने १८५२ मध्ये नोंदवला होता. कोयनेल दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन पडले आणि हिरवे स्फटिक तयार झाले! मात्र त्यांचा मोठा स्फटिक वाढवणे जवळपास अशक्य होते. लँड यांनी प्रश्नच फिरवला. एक मोठा स्फटिक कशाला हवा? सुईसारखे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने रांगेत बसवून त्यांची पट्टी बनवली तरी काम होईल. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये ‘पोलरॉइड’ कंपनी उभी राहिली. मोटार उत्पादकांनी दिव्यांसाठी ही पट्टी स्वीकारली नाही. पण गॉगलमध्ये ती चांगली चालली.

सिनेमालाही तिचा उपयोग होता. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे दृश्य दिसते आणि मेंदू त्यातून खोली जाणतो. पडद्यावर दोन्ही डोळ्यांची चित्रे एकाच वेळी टाकून ज्याचे चित्र त्याच डोळ्याला पोचवले, की खोलीचा भास होतो. लाल-हिरव्या काचांनी हे साधे, पण रंगांचा विचका होई. लँड यांच्या पट्टीने रंग जसेच्या तसे राहिले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात असा चित्रपट प्रेक्षकांना दाखवला गेला.

१९५३ मध्ये या लाटेला उधाण आले. ‘हाउस ऑफ वॅक्स’ तुफान चालला. गंमत म्हणजे त्याचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांना एकाच डोळ्याने दिसे; आपल्या चित्रपटातील खोली त्यांना स्वतःला अनुभवता येत नव्हती.

लवकरच डोकेदुखीच्या, डोळे शिणण्याच्या तक्रारी वाढल्या आणि दोष चष्म्यावर आला. खरे दुखणे बहुतेकदा प्रेक्षकांच्या पाठीमागे, प्रोजेक्टरच्या खोलीत होते. दोन डोळ्यांसाठी दोन प्रोजेक्टर अगदी बरोबरीने चालावे लागत. एका रिळातली तुटलेली फिल्म जोडताना दुसऱ्यातूनही तेवढ्याच चौकटी कापल्या नाहीत, तर एक डोळा पुढे आणि दुसरा मागे पडे. दोन चित्रे वरखाली सरकली, तरी डोळ्यांच्या स्नायूंना ती जुळवण्याची धडपड करावी लागे. साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवण टिकत नाही, त्यासाठी चंदेरी पडदा लागतो. शिवाय सारे सुरळीत असतानाही डोळ्यांवर ताण येऊ शकतो: नजर जुळते अंगावर आलेल्या सिंहावर, तर डोळ्यातील भिंग स्पष्टतेसाठी पडद्याच्या अंतरावरच राहते.

पोलरॉइडच्या तंत्रज्ञांनी ही बरोबरी मोजणारी आणि सुधारणारी उपकरणे बनवली, पण उशीर झाला होता. चष्म्याशिवाय भव्य दृश्य दाखवणारा सिनेमास्कोप आला. हिचकॉक यांचा १९५४ चा ‘डायल एम फॉर मर्डर’ थ्रीडीत चित्रित होऊनही बहुतेक ठिकाणी साध्या स्वरूपातच दाखवला गेला.

लँड यांचे मात्र यामुळे अडले नाही. काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, या आपल्या तीन वर्षांच्या मुलीच्या प्रश्नातून त्यांनी झटपट फोटो देणारा कॅमेरा बनवला होता. १९४८ पासून तो बाजारात होता. १ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर पाचशेहून अधिक पेटंट होती. आपल्याकडे ‘छोटा चेतन’ने थ्रीडी चष्म्याची ओळख करून दिली. आज एलसीडी टीव्हीच्या पडद्यातही ध्रुवण करणाऱ्या पट्ट्याच असतात.

थ्रीडी चित्रपटात इतरांना खोली दिसते आणि आपल्याला अजिबात दिसत नाही, किंवा दर वेळी डोके दुखते, असे होत असेल तर चष्म्याला दोष देऊन थांबू नये. तिरळेपणा किंवा एका डोळ्याची मंद दृष्टी हेही त्यामागचे कारण असू शकते. विशेषतः मुलांची तक्रार असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. उपचार लवकर सुरू झाले तर त्यांचा फायदा अधिक होतो.