हेच हेचीचे राखणदार

एखादे अरण्य किंवा दरी कायद्याने राखीव झाली, की ती कायमची वाचली असे सहसा मानले जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या चळवळीचे अग्रणी जॉन म्यूर यांचा आयुष्याच्या अखेरीस आलेला अनुभव मात्र निराळा होता.

म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार येथे झाला. १८४९ मध्ये हे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे आले. वडिलांच्या कडक शिस्तीत, शेतावर राबत जॉन वाढले. यंत्रे घडविण्याचे उपजत कौशल्य त्यांच्याकडे होते. परंतु १८६७ मध्ये इंडियानापोलिस येथील कारखान्यात काम करताना त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परतल्यावर त्यांनी यंत्रांचा नाद सोडला आणि फ्लोरिडाच्या समुद्रापर्यंत सुमारे हजार मैल पायी प्रवास केला. पुढच्याच वर्षी ते कॅलिफोर्नियात पोहोचले.

१८६९ चा उन्हाळा त्यांनी सिएरा नेवाडा पर्वतात मेंढ्यांच्या कळपासोबत घालविला. योसेमिटीची दरी जमीन खचून तयार झाली, असे तेथील मान्यवर भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचे मत होते. म्यूर यांनी खडकांवरील ओरखडे अभ्यासून ती हिमनद्यांनी कोरल्याचे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने हिमनद्यांचा वाटा मान्य केला.

योसेमिटीची मुख्य दरी आणि मॅरिपोसा येथील महाकाय सिकोया वृक्षांची राई १८६४ मध्येच राखीव झाली होती. मात्र भोवतालची कुरणे मेंढ्यांनी आणि वने लाकूडतोडीने उजाड होत होती. संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांच्या आग्रहावरून म्यूर यांनी १८९० मध्ये दोन लेख लिहिले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला योसेमिटी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लबचे अध्यक्षपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १९०३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांच्यासमवेत योसेमिटीत उघड्या आभाळाखाली तीन रात्री मुक्काम केला.

सॅन फ्रान्सिस्कोजवळील रेडवुड वृक्षांच्या प्राचीन वनावरही जलाशयाचे संकट होते. विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ती सुमारे २९५ एकर जमीन सरकारला दान केली. १९०८ मध्ये रूझवेल्ट यांनी ते वन राष्ट्रीय स्मारक घोषित केले. केंट यांच्या इच्छेनुसार त्याला म्यूर यांचे नाव देण्यात आले.

दुसऱ्या एका दरीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. टुओलम्नी नदीची हेच हेची दरी १८९० पासून राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होती. तरीही सॅन फ्रान्सिस्को शहराला तेथे धरण हवे होते. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत शहर बेचिराख झाले आणि पाण्याच्या मागणीला सहानुभूतीची जोड मिळाली. वनाधिकारी गिफर्ड पिंशो यांनी लोकोपयोगाच्या भूमिकेतून धरणाचे समर्थन केले. काँग्रेसचे सदस्य झालेले केंटही धरणाच्याच बाजूने उभे राहिले. पाणी अन्यत्रही मिळू शकते, हे म्यूर अखेरपर्यंत मांडत राहिले. १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, म्यूर यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. १९२३ मध्ये धरण पूर्ण झाले आणि दरी पाण्याखाली गेली.

त्यांच्या विचारांतील उणीवही नोंदविली पाहिजे. योसेमिटीतील मूळ रहिवाशांना १८५१ मध्ये सशस्त्र बळाने हुसकावण्यात आले होते. या मूळ अमेरिकी लोकांविषयी म्यूर यांनी केलेले अनुदार लेखन सिएरा क्लबने २०२० मध्ये जाहीरपणे चुकीचे ठरविले.

हेच हेचीचा पराभव मात्र विस्मृतीत गेला नाही. राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र सेवा १९१६ मध्ये स्थापन झाली. १९५० च्या दशकात डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकातील एको पार्क येथील घळींत धरणाचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधकांनी बुडालेल्या हेच हेचीकडे बोट दाखविले. १९५६ च्या कायद्यातून ते धरण वगळण्यात आले.