अबू जैद अल-बल्खी : मनाच्या दुखण्यावर इलाज लिहिणारे आलिम

घरातलं कोणी महिनोन्महिने उदास राहिलं किंवा वसवशापायी पुन्हा पुन्हा वुजू करू लागलं की आपल्याकडे शेरा तयार असतो : ईमान कमजोर झालंय. नाहीतर नजर लागलीय. हजार-अकराशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम आलिमांनी याच तक्रारींना आजार मानून त्यावर इलाज लिहिला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

अबू जैद अल-बल्खी यांचा जन्म हिजरी २३५ च्या सुमारास (इ.स. ८५०) आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ शामिस्तियान गावी झाला. वडील मुलांना शिकवायचे. तरुणपणी अबू जैद इराकला गेले, आठेक वर्षं राहिले आणि अल-किंदींच्या शागिर्दांत गणले गेले. इल्म घेऊन परतले ते पुन्हा बल्खलाच. नकाशे आणि भूगोलातही त्यांचं मोठं नाव आहे.

चेहऱ्यावर देवीचे व्रण, स्वभाव अबोल. बल्खच्या हाकिमांनी वजिरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि कातिबाचं काम पत्करलं. पुढे बुखाऱ्याहून बोलावणं आलं. निघाले, पण जैहून नदीच्या लाटा पाहून काठावरूनच माघारी फिरले, असं सांगतात. भीतीवर पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवणारा माणूसही माणूसच होता!

त्यांचं पुस्तक ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’. पहिला भाग शरीराचा, दुसरा नफ्सचा. राग, भीती, गम आणि वसवसा यांवर त्यांनी वेगवेगळं लिहिलं. गम दोन प्रकारचा : एकाचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसऱ्याचं सापडत नाही. दुसऱ्याचं मूळ ते शरीरात शोधतात, म्हणजे त्यात रुग्णाचा कसूर नाही.

इलाज तर अगदी घरगुती भाषेत समजेल असा. आपण घरात औषधं आधीच आणून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले, खरे विचार जमवून ठेवायचे आणि घालमेल सुरू झाली की तेच समोर आणायचे. भीतीची बरीचशी रूपं खोटी असतात, हे समजावताना ते धुक्याचं उदाहरण देतात. कोरड्या मुलखातल्या माणसाला पहिल्यांदा दिसलेलं धुकं भिंतीसारखं घट्ट वाटतं. आत शिरलं की ओलसर हवाच असते. ज्याची भीती वाटते त्याची हळूहळू सवय करायची. वसवसा असलेल्यानं एकटं बसू नये.

विचार बदलला की मनाची हालत बदलते, हाच आजच्या ‘सीबीटी’चा पाया. ॲरन बेक यांनी ती उपचारपद्धती अमेरिकेत १९६० च्या दशकात उभी केली. म्हणून सगळं आपणच शोधलं अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. बल्खींचं पुस्तक इस्तंबूलच्या ग्रंथालयात हस्तलिखित बनून पडून होतं. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मरहूम मलिक बद्री यांनी २०१३ मध्ये त्याचा नफ्सचा भाग इंग्रजीत आणला, तेव्हा कुठे तो सर्वसामान्य वाचकांच्या हाती पडला.

बल्खींचा इंतकाल हिजरी ३२२ मध्ये (इ.स. ९३४) झाला.