पट्टी बांधणारे हात : डॉ. मुख्तार अहमद अन्सारी

डिसेंबर १९१२ मध्ये मुंबई बंदरातून पंचवीसेक माणसांचा एक चमू तुर्कस्तानला निघाला. बाल्कन युद्धात बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनिग्रो या चार देशांनी मिळून तुर्की फौजेला मागे रेटले होते. इस्तंबूलच्या आसपास जखमी सैनिक आणि घरदार सुटलेले निर्वासित यांची रीघ लागली होती, त्यातच कॉलऱ्याची साथ. त्यांच्यासाठी हिंदुस्थानात लोकवर्गणी जमली. मौलाना मोहम्मद अलींच्या वर्तमानपत्राने हाक दिली आणि तिला गरीब-श्रीमंत सगळ्यांनी साथ दिली. चमूचे प्रमुख होते दिल्लीचे सर्जन डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. वय जेमतेम बत्तीस.

अन्सारींचा जन्म २५ डिसेंबर १८८० चा, उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या युसूफपूरचा. पण त्यांच्या घडणीचा एक धागा आपल्या भागाशी जुळतो. त्यांनी काही काळ हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिक्षण घेतले. मद्रासला वैद्यकीचा पाया घातला आणि निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते विलायतेला गेले. पूर्णा, परभणी, नांदेड हा सगळा मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. इथल्या ज्वारी-कापसाच्या सारापट्टीतून जो खजिना भरायचा, त्यातलीच ती शिष्यवृत्ती. १९०५ मध्ये त्यांनी एम.डी. आणि एम.एस. या पदव्या मिळवल्या, लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात शस्त्रक्रिया केल्या आणि १९१० मध्ये ते मायदेशी परतले. दिल्लीत बघता बघता त्यांचा जम बसला. अशा वेळी चालता दवाखाना बंद करून परक्या रणभूमीवर जाणे सोपे नव्हते.

या चमूतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यात डॉक्टर मोजकेच होते. बाकीचे बहुतेक शिकवलेले मदतनीस होते आणि त्यांत अलिगढ कॉलेजची पोरेही होती. चौधरी खलिकुज्जमाँ, अब्दुर्रहमान सिद्दीकी, शुऐब कुरेशी ही नावे पुढे राजकारणात गाजली. त्या हिवाळ्यात मात्र त्यांचे काम स्ट्रेचर उचलणे, जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे हेच होते. पेशावरचा अब्दुर्रहमान तर शिक्षण अर्धवट टाकून आला, तुर्कस्तानातच राहिला आणि पुढे तुर्की राजदूत झाला. वैद्यकीची पदवी यांच्यापैकी एकाकडेही नव्हती. रक्त थांबवायला पदवी लागत नाही, हे अन्सारींसारख्या पदवीधर सर्जनने ओळखले होते, हे विशेष.

इस्लामी धर्मशास्त्रात या कामाला एक नेमके नाव आहे : फर्ज-ए-किफाया. नमाज आणि रोजा ज्याचे त्यानेच करायचे. पण काही कर्तव्ये सगळ्या वस्तीची मिळून असतात. जनाज्याची नमाज वस्तीतल्या काहींनी पढली तर सगळे मोकळे होतात. कुणीच पढली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी वैद्यकविद्येला याच यादीत बसवले आणि आपल्या काळातल्या विद्वानांनी तिच्याकडे पाठ फिरवल्याबद्दल त्यांना खडसावले. हनफी फिक्ह तर असे सांगते की नमाज पढणाऱ्याच्या कानावर बुडणाऱ्याची हाक पडली आणि वाचवणे त्याच्या हाती असेल, तर त्याने नमाज तोडून धावलेच पाहिजे. रोज्यालाही हाच नियम आहे. प्रेषितांच्या काळात मदिनेत रुफैदा या महिलेचा तंबू मशिदीच्या आवारातच होता आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज यांना तिथेच नेण्यात आले होते. मशीद आणि मलमपट्टी यांत तेव्हा अंतर नव्हते.

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर भर दुपारी एखादा प्रवासी कोसळला तर भोवती कडे पडते. पाणी आणा, कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, असे सल्ले सुरू होतात. हात लावला तर पोलिसांचे लचांड मागे लागेल ही धास्तीही असते. रस्त्यावरील अपघातांपुरती तरी ती २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने दूर केली आहे : मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आणि रमजानमध्ये मधुमेही रोजेदाराला घाम फुटून थरथर सुटली, तर शुद्धीत असेतोवर त्याला साखर किंवा सरबत द्यावे. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा कुराणातच आहे, पुढे भरून काढता येतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नये, कुशीवर वळवून दवाखाना गाठावा.

चमू जुलै १९१३ मध्ये मुंबईला परतला आणि अन्सारी राजकारणात ओढले गेले. १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जामिया मिलियाच्या उभारणीत ते हकीम अजमल खानांच्या बरोबरीने होते आणि हकीमसाहेबांनंतर कुलपतीही झाले. पण त्यांच्यातला डॉक्टर कधी बाजूला सरला नाही. हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधीजींनी १९२४ मध्ये दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हा त्यांची नाडी अन्सारी पाहत होते. मे १९३३ मध्ये पुण्याच्या पर्णकुटीत गांधीजींनी पुन्हा एकवीस दिवस अन्न वर्ज्य केले, तेव्हाही अन्सारी तिथे हजर होते. हरिजनांसाठीच्या त्या उपवासावर एक मुसलमान डॉक्टर पहारा देत होता, हे चित्र महाराष्ट्राने विसरायला नको होते.

१० मे १९३६ च्या रात्री ते मसुरीकडून दिल्लीला परतत होते. धावत्या रेल्वेतच हृदयविकाराचा झटका आला आणि प्राण गेला. वय पंचावन्न. ओखल्याला जामियाच्या आवारात त्यांचे दफन झाले.

त्या डब्यात कुणी जवळ असते तरी त्याला काय करता आले असते? छातीवर दाब देऊन हृदय चालते ठेवण्याची आजची रीत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६० मध्ये जगापुढे मांडली. म्हणजे चोवीस वर्षांनी. आज ती कुणालाही शिकता येते. माणूस हाक मारून ओ देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, असे दिसले की एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जागेवर उताणे निजवून छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवावा आणि कोपरे न वाकवता पाच सेंटिमीटर खोल दाबावे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग तिसऱ्याने जागा घ्यावी.